विजेवाचून शीतकक्ष : विटा, वाळू आणि दोन वेळचे पाणी

आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी ताज्या मेथीच्या जुडीला जो भाव असतो, तो तिसऱ्या प्रहरी राहत नाही. ऊन चढते, पाने माना टाकू लागतात, गिऱ्हाईक जुडी हातात घेऊन परत ठेवते आणि दिवेलागणीच्या सुमारास उरलेला माल मिळेल त्या किमतीला देऊन टाकण्यावाचून भाजीवालीला गत्यंतर उरत नाही. विकला न गेलेला माल घरी नेऊन उपयोग नसतो, कारण दुसऱ्या दिवशी तो विकण्याजोगा राहील याची शाश्वती नसते. माल खराब असतो म्हणून त्याचा भाव पडतो असे नव्हे. तो टिकवून धरण्याचे साधन विकणाऱ्याच्या हाती नसते, म्हणून भाव पडतो. घेणाऱ्याला ही गोष्ट पुरती ठाऊक असते.

हेच चित्र लहान प्रमाणावर घराघरांतून दिसते. परसातील भेंडी, वांगी, काकडी एकदम तोडणीला येतात आणि दोन दिवसांत त्यांतील निम्मी जनावरांपुढे जातात. शाळेच्या परसबागेत शुक्रवारी निघालेला भाजीपाला सोमवारच्या पोषण आहारापर्यंत टिकत नाही. मोठी शीतगृहे हा यावरील एक उपाय आहे. परंतु त्यांना भांडवल लागते, अखंड वीज लागते आणि पाच-दहा किलो भाजी घेऊन तेथवर जाणे कोणालाही परवडत नाही. घरगुती फ्रिज असला तरी त्यात दोन पाट्या भाजी मावत नाही.

या दोहोंच्या मधली जागा भरून काढणारे एक साधन विटा, वाळू, बांबू आणि गोणपाट यांतून घरच्या माणसांना एका दिवसात उभे करता येते. कृषी क्षेत्रात ते ‘शून्य ऊर्जा शीतकक्ष’ या नावाने ओळखले जाते. त्याची उभारणी सोपी आहे. तथापि ते कोठे उपयोगी पडते व कोठे पडत नाही, हे समजून न घेता बांधलेला कक्ष थोड्याच दिवसांत अडगळ ठेवण्याची जागा बनतो. म्हणून कृतीच्या आधी त्यामागील कारणमीमांसा ध्यानात घेणे इष्ट ठरेल.

तोडलेली भाजी जिवंतच असते

देठापासून तोडल्यानंतरही फळे व भाज्या श्वसन करीत राहतात. साठविलेली साखर व इतर द्रव्ये त्या खर्ची घालतात आणि त्या क्रियेत उष्णता बाहेर पडते. पाट्यांत खच्चून भरलेली पालेभाजी मध्यभागी हाताला गरम लागते, ती यामुळेच. तापमान जसे वाढते तसा श्वसनाचा वेग वाढतो. सर्वसाधारणपणे दर १० अंश सेल्सिअसला तो दुप्पट ते तिप्पट होतो. याचाच दुसरा अर्थ असा, की तापमान १० अंशांनी उतरविता आले, तर भाजीचे आयुष्य त्याच प्रमाणात लांबते.

दुसरी हानी पाण्याची असते. पालेभाजीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. तोडणीपूर्वी मुळे जमिनीतून पाणी पुरवीत असतात. तोडणीनंतर पुरवठा थांबतो, पण पानांतून वाफ होऊन जाणे चालूच राहते. वजनात पाच ते दहा टक्के घट आली की पाने मलूल दिसू लागतात. दहा किलो पालक संध्याकाळपर्यंत नऊ किलो भरला, तर एक किलो मालाचे मोल हवेत गेले. उरलेल्या नऊ किलोंचे रूप उतरल्यामुळे त्यांचाही भाव कमी होतो, हे नुकसान वेगळेच. सभोवतालची हवा जितकी कोरडी, तितके हे पाणी लवकर जाते.

तेव्हा भाजी टिकवावयाची तर तिला दोन गोष्टी पुरविल्या पाहिजेत: गारवा आणि दमट हवा. शीतकक्ष या दोन्ही गोष्टी एकाच क्रियेतून साधतो.

माठाचे शास्त्र

ही क्रिया नवी नाही. माठातील पाणी गार का होते, हे प्रत्येक शाळेत शिकविले जाते. भाजलेल्या मातीला सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी झिरपून बाहेरच्या पृष्ठभागावर येते व त्याची वाफ होते. द्रवाची वाफ होण्यासाठी जी अप्रकट उष्णता लागते, ती माठाकडून व आतल्या पाण्याकडून घेतली जाते. या उष्णतेचे प्रमाण मोठे असते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. तेवढी उष्णता काढून घेतली, तर ५८ लिटर पाण्याचे तापमान १० अंशांनी खाली येईल.

रांजणाला गुंडाळलेले ओले फडके, विदर्भात खिडक्यांना लावले जाणारे वाळ्याचे पडदे आणि बाजारात मिळणारा कूलर ही सर्व याच तत्त्वाची रूपे होत. तैलरंगाने रंगविलेल्या माठात पाणी गार होत नाही, कारण रंगाने छिद्रे बुजतात. जुन्या माठाचा गारवा कमी होतो, कारण पाण्यातील क्षार त्याच छिद्रांत साचून बसतात. शीतकक्ष बांधताना व वापरताना या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात.

मर्यादा ठरवते ती हवा

बाष्पीभवनाने मिळणाऱ्या गारव्याला एक मर्यादा असते आणि ती हवेतील दमटपणावर अवलंबून असते. हवा कोरडी असेल तर ती पाण्याची वाफ झपाट्याने शोषून घेते. हवा मुळातच ओलसर असेल तर पाणी तसेच राहते व गारवा येत नाही.

उदाहरणार्थ, विदर्भ, मराठवाडा किंवा खानदेशात उन्हाळ्यातील दुपारी तापमान ४० अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर ओल्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे २३ अंशांपर्यंत उतरू शकते. कोकणात त्याच दिवसांत तापमान ३५ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर ते २८ अंशांच्या खाली जात नाही. पावसाळ्यात ३० अंश तापमान व ८५ टक्के आर्द्रता असताना मिळणारा फरक अवघा दोन अंशांचा असतो. ही शास्त्राने घालून दिलेली शेवटची सीमा आहे. प्रत्यक्षातील कक्ष तिच्या जवळपास पोहोचतो, तिच्यापलीकडे जात नाही.

यावरून एक सरळ निष्कर्ष निघतो. देशावर, विशेषतः फाल्गुन ते ज्येष्ठ या काळात, हे साधन उत्तम काम देते. किनारपट्टीवर त्याचा लाभ अल्प आहे, आणि पावसाळ्यात तर कोठेच फारशी अपेक्षा ठेवू नये. उलट त्या दिवसांत साठवणीच्या जागी बुरशी वाढण्याचाच संभव अधिक असतो.

आपल्या गावी हे साधन उपयोगी पडेल किंवा नाही, याची परीक्षा दोन साध्या तापमापकांनी करता येते. एक तापमापक सावलीत तसाच टांगावा. दुसऱ्याच्या फुग्याभोवती स्वच्छ सुती कापडाची पट्टी गुंडाळून ती पाण्याने भिजवावी व काही मिनिटे पंख्याने वारा घालावा. दुपारी दोनच्या सुमारास दोघांत दहा अंशांहून अधिक फरक दिसला, तर शीतकक्षाचा निश्चित उपयोग होईल. फरक चार-पाच अंशांपेक्षा कमी असेल, तर बांधकामाचा खटाटोप न केलेलाच बरा.

दिल्लीतील संशोधन

या तत्त्वाला भाजीपाल्याच्या साठवणीसाठी प्रमाणबद्ध स्वरूप देण्याचे काम १९८० च्या दशकात नवी दिल्ली येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेत झाले. एस. के. रॉय आणि डी. एस. खुर्दिया या शास्त्रज्ञांनी विटांच्या दुहेरी भिंती आणि त्यांमध्ये ओली वाळू अशी रचना विकसित केली. सुमारे १०० किलो फळे वा भाज्या मावतील असा हा कक्ष आहे. उन्हाळ्यात बाहेरच्या हवेपेक्षा आतील तापमान १० ते १५ अंशांनी कमी राहते आणि आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास टिकते. कडक उन्हाळ्यात एका दिवसात मान टाकणारी पालेभाजी अशा कक्षात साधारणतः तीन दिवस विक्रीयोग्य राहते. फळभाज्यांचे आयुष्यही दुप्पट वा त्याहून अधिक वाढते.

आफ्रिकेतील नायजेरिया देशात हीच कल्पना आणखी लहान आकारात अवतरली. कुंभारांच्या कुळात जन्मलेले मोहम्मद बाह अब्बा हे तेथील एक शिक्षक. त्यांनी १९९५ च्या सुमारास एका मातीच्या भांड्यात दुसरे भांडे बसवून मधल्या फटीत ओली वाळू भरली आणि वरून ओले फडके झाकले. ही भांडी त्यांनी आपल्या भागातील खेड्यापाड्यांतून पोहोचविली. भाजी टिकू लागल्यामुळे ती रोजच्या रोज विकावयास मुलींना पाठविण्याची गरज कमी झाली व त्यांचा शाळेचा मार्ग मोकळा झाला, अशी या प्रयोगाची ख्याती झाली. या कार्यासाठी त्यांना आंतरराष्ट्रीय पारितोषिकही मिळाले. आपल्या शेजारी गुजरातमध्ये वांकानेर येथील मनसुखभाई प्रजापती यांनी मातीचेच शीतकपाट घडवून बाजारात आणले. तत्त्व तेच, भूमीनुसार रूप निराळे.

बांधणीची कृती

जागा निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात: दिवसभर सावली, वाहता वारा आणि जवळ पाणी. झाडाखालची किंवा घराच्या उत्तरेकडील उंचवट्याची जागा चांगली. चोहोबाजूंनी बंद असलेल्या खोलीत हा कक्ष बांधू नये, कारण वारा खेळला नाही तर बाष्पीभवन मंदावते.

प्रथम जमीन चोपून सपाट करावी आणि तिच्यावर विटांचा एक थर अंथरावा. त्याची लांबी १६५ सेंटीमीटर व रुंदी ११५ सेंटीमीटर, म्हणजे अंदाजे साडेपाच फूट व पावणेचार फूट असावी. विटा चांगल्या भाजलेल्या पण सच्छिद्र असाव्यात. बांधण्यापूर्वी त्या पाण्यात भिजवून घ्याव्यात.

या तळावर बाहेरच्या कडेने एक आणि तिच्या आत ७.५ सेंटीमीटर, म्हणजे तीन इंच, अंतर सोडून दुसरी, अशा दोन भिंती उचलाव्यात. भिंतींची उंची ६७.५ सेंटीमीटर ठेवावी. तीन इंच जाडीच्या विटांचे साधारण नऊ थर होतात. विटा मातीच्या गाऱ्यात बसवाव्यात किंवा नुसत्या सांधे मोडून रचाव्यात. सिमेंटचा गिलावा मात्र आतून वा बाहेरून मुळीच करू नये. ‘पक्के काम’ करण्याच्या हौसेने गिलावा केला जातो, तेव्हा तैलरंग दिलेल्या माठाची जी गत, तीच कक्षाची होते. एकूण सुमारे ४०० विटा पुरतात.

दोन भिंतींमधील पोकळी बारीक, स्वच्छ वाळूने भरावी. नऊ थर पूर्ण होण्याची वाट न पाहता दोन-तीन थरांगणिक वाळू भरून ती पाण्याने भिजवीत जावे, म्हणजे मध्ये पोकळी राहत नाही. यासाठी सुमारे आठ घनफूट वाळू लागते. ब्रासच्या हिशेबाने हे प्रमाण जेमतेम बारावा हिस्सा होते. तेव्हा एवढ्यासाठी नदीचे पात्र खणण्याचे कारण नाही. गावातील एखाद्या बांधकामावर उरलेली वाळू धुऊन घेतली तरी भागते.

झाकणासाठी बांबूच्या कामट्यांची १६५ × ११५ सेंटीमीटरची चौकट करून तिच्यावर गोणपाट, वाळा किंवा गवत शिवून बसवावे. कक्षावर उन्हापावसापासून संरक्षण म्हणून चार मेढी रोवून छप्पर घालावे. त्यासाठी उसाचे पाचट, तुराट्या, पऱ्हाट्या, जे त्या भागात सहज मिळते ते वापरावे. छप्पर कक्षाच्या वर पुरेसे उंच असावे, म्हणजे वारा अडणार नाही.

या मापाने आतील जागा सुमारे ११० × ६० सेंटीमीटर मिळते. आपल्याजवळ जे क्रेट वा करंड्या असतील, त्यांचे माप बांधणीपूर्वीच घ्यावे आणि आवश्यक तर भिंती दोन-चार बोटे सरकवाव्यात. बांधून झाल्यावर क्रेट आत जात नाही असे आढळणे हा व्यर्थ मनस्ताप ठरतो.

भाजी ठेवण्यापूर्वी वाळू, विटा व झाकण पूर्ण भिजवावे. त्यानंतर रोज सकाळी व सायंकाळी पाणी शिंपडावे. पाणी वाळूवर व भिंतींवर घालावे, भाजीवर नव्हे. शक्य असल्यास उंचावर एक पाण्याची टाकी किंवा माठ ठेवून छिद्रे पाडलेली नळी वाळूवरून चारी बाजूंनी फिरवावी. ठिबक पद्धतीने पाणी सावकाश मिळत राहते, शिंपडण्याचे श्रम वाचतात आणि पाणीही वाया जात नाही.

घरच्यासाठी डेऱ्यात डेरा

लहान कुटुंबाला एवढ्या मोठ्या कक्षाची आवश्यकता नसते. त्यांच्यासाठी दोन भांड्यांची रचना पुरेशी आहे. कुंभाराकडून पसरट तोंडाची, रंग वा झिलई नसलेली दोन भांडी घ्यावीत. लहान भांडे मोठ्यात ठेवले असता सर्व बाजूंनी दोन-तीन बोटे जागा उरली पाहिजे. झाडांची मोठी कुंडी वापरावयाची असल्यास तळाचे छिद्र चिकणमातीने बुजवावे.

मोठ्या भांड्याच्या तळाशी दोन बोटे वाळू अंथरून तिच्यावर लहान भांडे ठेवावे. दोहोंची तोंडे एका पातळीत यावीत. मधली फट वाळूने भरून पाण्याने भिजवावी. आतले भांडे एक दिवस कोरडे होऊ द्यावे, मग त्यात भाजी ठेवून वर जाड सुती कापडाची ओली घडी झाकावी. हे सर्व तिवईवर, वाऱ्याच्या झुळुकेत ठेवावे. भांडे जमिनीवर टेकवून ठेवल्यास तळाकडून वाफ जाण्यास वाव राहत नाही. याही रचनेला दोन वेळा पाणी द्यावे लागते.

या निमित्ताने गावच्या कुंभाराला थोडे काम मिळते, हाही लाभ कमी नाही. प्लॅस्टिकच्या व धातूच्या भांड्यांनी त्याचे चाक मंदावले आहे. एका मापात एक बसेल अशा जोड्या त्याने घडविल्या, तर त्यांना आठवडी बाजारात मागणी येऊ शकते.

काय ठेवावे, काय ठेवू नये

मेथी, पालक, कोथिंबीर, चवळई, भेंडी, वांगी, काकडी, दोडका, कारली, हिरवी मिरची, गाजर, टोमॅटो, तसेच लिंबू, पेरू यांसारखी फळे या कक्षात चांगली राहतात. वांगी, भेंडी, काकडी व टोमॅटो यांना फ्रिजमधील अतिथंडी मानवत नाही. त्यांच्यावर डाग पडतात, साल खचते. केळी तर १३ अंशांच्या खाली काळी पडू लागतात. त्यांना शीतकक्षातील सौम्य गारवा अधिक अनुकूल असतो.

पिकलेली केळी, आंबे व टोमॅटो पालेभाजीशेजारी ठेवू नयेत. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो व त्यामुळे पाने पिवळी पडतात.

कांदा व लसूण या कक्षात मुळीच ठेवू नयेत. त्यांना कोरडी, खेळती हवा लागते. दमटपणात ते कुजतात किंवा त्यांना कोंब फुटतात. कांद्याची चाळ हवेशीर ठेवतात त्याचे कारण हेच. धान्य, डाळी, पापड आणि बियाणे यांनाही ही जागा वर्ज्य आहे.

दूध, शिजविलेले अन्न, मांस, मासे आणि थंडीत ठेवावयाची औषधे यांच्याबाबत तर अधिकच दक्षता हवी. अन्न नासविणारे जिवाणू रोखण्यासाठी पाच अंशांच्या आसपासचे तापमान लागते. शीतकक्षात ते कधीच मिळत नाही. कक्षाला ‘गरिबाचा फ्रिज’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. तिच्यामुळे गैरसमज होऊन कोणी मुलांचे दूध वा उरलेली आमटी त्यात ठेवील, तर आजाराला निमंत्रण मिळेल. शाळेत तयार झालेला पोषण आहार त्याच दिवशी संपविणे हाच नियम योग्य होय.

निगा आणि सावधगिरी

भाजी कक्षात ठेवण्यापूर्वी निवडून घ्यावी. किडकी, चेचलेली वा कुजू लागलेली एक जुडी सबंध करंडी नासविते. तोडणी शक्यतो भल्या सकाळी करावी आणि माल सावलीत निवल्यावरच आत ठेवावा. दुपारच्या उन्हात तोडून लगेच भरलेली भाजी आपली उष्णता कक्षालाच देते. क्रेट विटांवर टेकवून थोडे उचलून ठेवावेत, म्हणजे खालून हवा खेळते.

गार व ओलसर जागेकडे उंदीर, विंचू व साप आकृष्ट होतात, ही गोष्ट ग्रामीण भागात विसरून चालणार नाही. झाकणाला बारीक तारेची जाळी लावावी, ते भिंतींवर घट्ट बसेल असे करावे आणि भोवतालचे गवत काढून टाकावे. झाकण काठीने किंवा दुरून उचलून, आत नीट पाहिल्याशिवाय हात घालू नये. लहान मुलांना हे काम एकट्याने सांगू नये.

वाळूला मुरेल एवढेच पाणी द्यावे. कक्षाभोवती डबकी साचली तर तेथे डासांची पैदास होईल. पाणी क्षारयुक्त असेल तर काही महिन्यांत विटांवर पांढरा थर येतो व गारवा घटतो. असे दिसताच विटा घासून घ्याव्यात आणि वाळू काढून स्वच्छ पाण्याने धुवावी. साबणाचे पाणी वापरू नये. पावसाळा सुरू झाला की कक्ष रिकामा करून उघडा ठेवावा, सुकू द्यावा आणि दसरा-दिवाळीनंतर दुरुस्त करून पुन्हा वापरात आणावा.

पाणी कोण घालणार?

एखाद्या योजनेतून किंवा लोकवर्गणीतून असे कक्ष बांधून देणे ही अवघड गोष्ट नाही. चारशे विटा व एका दिवसाची मजुरी कोठूनही उभी राहते. परंतु विटा गार करीत नाहीत, पाणी गार करते आणि ते रोज दोन वेळा कोणाला तरी घालावे लागते. सुटीच्या दोन दिवसांत वाळू कोरडी पडली, तर तोच कक्ष भट्टीसारखा तापतो व आतील माल बाहेरच्यापेक्षाही लवकर जातो. म्हणून ‘कक्ष कोण बांधणार’ या प्रश्नाच्या आधी ‘पाणी कोण घालणार’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

टंचाईच्या गावात तर या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. जेथे पिण्याचे पाणी टँकरने येते, तेथे वाळूवर ओतलेला प्रत्येक हंडा बहुधा घरातील बाईच्याच डोक्यावरून आलेला असतो. भाजी वाचविण्यासाठी तिच्या श्रमांत भर पडणार असेल, तर तो सौदा फायद्याचा ठरत नाही. अशा ठिकाणी तांदूळ व भाज्या धुतलेले पाणी गाळून वाळूला देता येईल का, हातपंपाच्या ओट्यावरून वाहून जाणारे पाणी वळविता येईल का, याचा विचार व्हावा. पहिल्या आठवड्यात रोज किती पाणी लागले हे मोजून ठेवावे आणि वाचलेल्या भाजीशी त्याचा हिशेब घालावा. हिशेब जुळत नसेल तर कक्ष केवळ बाजाराच्या आदल्या दिवशी व बाजाराच्या दिवशी भिजवावा. तेवढ्यानेही बराच माल वाचू शकतो.

शाळा, बचत गट आणि ग्रामपंचायत

शाळेच्या दृष्टीने हा कक्ष म्हणजे चालती-बोलती प्रयोगशाळाच होय. बाष्पीभवन, अप्रकट उष्णता व आर्द्रता हे पाठ्यपुस्तकातील शब्द येथे हाताला गार लागतात. विद्यार्थ्यांनी आतील व बाहेरील तापमान दिवसातून तीनदा फळ्यावर नोंदवावे. मेथीची एक जुडी आत, एक बाहेर ठेवून रोज दोहोंचे वजन करावे. एक भांडे रंगवून व एक न रंगविता दोहोंतील फरक पाहावा. महिन्याच्या अखेरीस या नोंदींचा आलेख काढला, तर विज्ञान, गणित आणि कार्यानुभव हे तिन्ही विषय एकत्र येतात. शिवाय आपल्या गावच्या हवेविषयीची खात्रीची माहिती गावाच्या हाती पडते.

भाजीपाला पिकविणाऱ्या महिलांच्या बचत गटांनी सामायिक कक्ष उभारावयाचे ठरविले, तर आरंभीच पाणी घालण्याच्या पाळ्या, प्रत्येकीची जागा आणि स्वच्छतेचा दिवस लिहून ठेवावा. दहा जणींचे दहा कक्ष असण्यापेक्षा आळीपाळीने निगा राखलेले दोन कक्ष अधिक काळ टिकतील.

ग्रामपंचायतीने आठवडी बाजाराच्या जागी, झाडाच्या सावलीत व नळाजवळ, असे दोन-तीन कक्ष बांधले आणि नाममात्र आकार घेऊन ते विक्रेत्यांना उपलब्ध करून दिले, तर बाजारात उरलेला माल जवळच्या दुसऱ्या गावच्या बाजारापर्यंत राखता येईल. बाजारकराच्या उत्पन्नातून एका माणसाकडे पाणी व स्वच्छतेचे काम सोपविणे अशक्य नाही. मात्र प्रथम एकच कक्ष बांधून एक उन्हाळा वापरून पाहावा. तो चालला तरच दुसऱ्याचा विचार करावा.

शीतकक्षाने भाजीचे आयुष्य दोन-चार दिवसांनीच वाढते. त्याने शीतगृहाची गरज संपत नाही आणि बाजारभावाचे सर्व प्रश्नही सुटत नाहीत. परंतु ज्या बाईला सूर्य मावळण्याच्या आत माल संपवावाच लागतो, तिच्यासाठी हे दोन दिवस मोलाचे असतात. ‘आज नाही परवडत, उद्या पाहू’ असे गिऱ्हाइकाला सांगण्याची सोय त्यातून तिला लाभते. चारशे विटा, आठ घनफूट वाळू आणि दोन वेळचे पाणी एवढ्या साधनांवर ती मिळत असेल, तर देशावरील गावांनी येत्या उन्हाळ्याआधी दोन तापमापक टांगून आपल्या हवेची परीक्षा अवश्य करून पाहावी.